मागच्या खोलीत नेट पोचलं तेव्हा

फायबरची लाइन आमच्या गावात आली त्या उन्हाळ्यात मला वाटलं, आता घरातली एक तरी कटकट मिटेल. कटकट होती फोनची. माझी नणंद पुण्याला असते. दर रविवारी ती मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, व्हिडिओ कॉल करायची आणि दर रविवारी तो कॉल दोन मिनिटांत मोडायचा. मामाजी फोन डोळ्यांसमोर धरायचे, थोडा वेळ हसायचे, दोन-तीनदा "हो हो" म्हणायचे आणि मग फोन माझ्या हातात देत म्हणायचे, "आवाज तुटून राह्यला, बाई. इथी नेटच नाई."

ते खोटं वाटण्याचं काही कारण नव्हतं. गाव वडशापासून बारा किलोमीटर आत. मोबाइलच्या टॉवरचं सिग्नल विहिरीजवळ यायचं, तेही हवा असेल तसं. आणि घर आमचं लांबट. रस्त्याकडे दोन नव्या स्लॅबच्या खोल्या. तिथे टीव्ही, आमचा पलंग, माझं शाळेचं टेबल. मग अंगण. अंगणापलीकडे जुनं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. त्यात स्वयंपाकघर आणि धान ठेवायच्या पत्र्याच्या कोठ्या. आणि सगळ्यात मागे, गोठ्याला लागून, मामाजींची खोली.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर ती दोघं मधल्या घरात झोपायची. त्या गेल्या आणि पंधरा दिवसांत मामाजींनी आपली खाट स्वतः उचलून मागे नेली. माझ्या नवऱ्यानं विचारलं तर म्हणाले, "ढोराईकडे ध्यान राह्यते." मामाजी अबोल होतेच. वडशाच्या एका राईस मिलमध्ये त्यांनी तीस वर्षं मशीनवर काढली होती, सोबत घरची धानाची शेती. आता मिलमधल्या त्यांच्या जागी माझा नवरा आहे.

मी चंद्रपूरची. माहेरी सगळे एकाच वेळी बोलतात अशा घरात वाढलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा मामाजींच्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची, पुढे राग यायला लागला. मी दारातून म्हणायची, "मामाजी, जेवाले या जी," आणि ते पाठमोरे बसून दोरी वळत राहायचे. मानसुद्धा हलायची नाही. मला वाटायचं, सून नोकरी करते, स्कूटीवर शाळेत जाते, ते यांना पसंत नसणार. एकदा मी नवऱ्याला म्हटलं, "मी बोलली तं मामाजीले आयकू येत नाई, का मी दिसतच नाई?" तो म्हणाला, "स्वभावच हाय त्याईचा." पुढे मी हाक मारणंच सोडलं. ताट वाढायचं, त्यांच्या समोर नेऊन ठेवायचं आणि परत यायचं. आत्याबाई गेल्यानंतरची तीन वर्षं मी असंच केलं.

गावात मात्र त्यांना मान होता, आणि तो वाघामुळे होता. फायबर आलं त्याच्या आदल्या वर्षी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत घडलेली गोष्ट. जंगल आमच्या शेतांना लागून आहे, वाघ काही नवा नाही. बाया रोवणीला जातात तेव्हा एकमेकींशी सारखं मोठ्यानं बोलत राहतात, ते उगाच नाही. त्या दिवशी मामाजी खांद्यावर कुदळ टाकून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एकटेच चालले होते. शेजारच्या शेतात दहा-बारा बाया चिखलात वाकलेल्या होत्या. त्यांतल्या एकीनं कंबर सरळ करायला मान वर केली, तर मामाजींच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर झुडपातून वाघ निघून धुऱ्यावर उभा. बाया किंचाळल्या. "भाऊ, वाघ! भाऊ, मांगं वाघ हाय!" एकीनं दगडानं घमेलं बडवलं. मामाजींनी मागे पाहिलं नाही. चाल वाढवली नाही की कमी केली नाही. आपल्या नादात चालत जाऊन ते नाल्याकडे वळले. वाघ जरा वेळ त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला आणि परत झुडपात शिरला.

संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर एकच विषय. "वाघालेबी मोजलं नाई गड्यानं!" लोक येऊन त्यांच्या पाया पडले. मामाजी फक्त हसले आणि हात हलवला. मीसुद्धा दुसऱ्या दिवशी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, ती गोष्ट रंगवून सांगितली. आमचे मामाजी असे!

तर फायबरची लाइन आली. तालुक्याहून आलेल्या नेटवाल्या भाऊनं राउटरचा डबा टीव्हीच्या मागे लावला, कारण बोर्ड तिथे होता. पुढच्या खोलीत नेट धावायला लागलं. अंगणात आलं की फोनवर एक रेघ उरायची, स्वयंपाकघरात तीही जायची. मामाजींच्या खोलीत शून्य. रविवारी नणंदेचा कॉल आला, मी फोन घेऊन मागे पळाले, आणि मामाजी म्हणाले, "नेट नाई, बाई."

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. नववीच्या पोरांना लहरी शिकवते. म्हटलं, हे आपण करू. आधी तो डबा टीव्हीच्या आणि लोखंडी कपाटाच्या मागून काढून अंगणाकडच्या खिडकीजवळ उंच फळीवर ठेवला. नुसत्या तेवढ्यानं स्वयंपाकघरात दोन रेघा आल्या. मग कळलं की डबा दोन नावांनी नेट देतो; एक जोरात धावणारं, पण पहिल्याच भिंतीला धापा टाकणारं, आणि दुसरं सावकाश, पण लांब जाणारं. घरातले सगळे फोन दुसऱ्या नावावर टाकले. नेट गोठ्याच्या दारापर्यंत पोचलं. मामाजींच्या खोलीत यायचं-जायचं.

मग वडशाहून रिपीटर आणला. सिग्नल झेलून पुढे फेकणारं ते छोटं यंत्र, आणि मी शहाणीनं ते थेट मामाजींच्या खोलीत खोचलं. लाल दिवा. नेटवाल्या भाऊला फोन केला तर तो हसला. "ताई, जिथं पानीच येत नाई तिथं मोटर लावून काय फायदा? मधात लावा." मध्ये म्हणजे स्वयंपाकघरात लावलं. तर आडव्या आल्या धानाच्या कोठ्या. पत्र्यातून लहर जात नाही हे मी दरवर्षी शिकवते आणि माझ्याच घरात सहा कोठ्या एका रांगेत उभ्या होत्या. एका रविवारी मी आणि नवऱ्यानं त्या रिकाम्या करून दुसऱ्या भिंतीला लावल्या. त्यानंतर मामाजींच्या खाटेवर नणंदेचा चेहरा दिसू लागला, पण मध्येच थांबायचा, तोंड उघडं ते उघडंच.

"नेट बराबर नाई," मामाजी म्हणाले.

शेवटचा उपाय वायरचा. पुढच्या डब्यातून एक वायर थेट मागच्या खोलीत न्यायची आणि तिथे दुसरा डबा बसवायचा. नेटवाल्या भाऊनं ती कवेलूवरून टाकली. तिसऱ्या दिवशी माकडांची टोळी आली, कवेलू फोडले ते फोडले, वायरला लोंबकळून तिचे दोन तुकडे केले. मग ठरलं, पाइपात घालून जमिनीखालून न्यायची. मी मामाजींना हातवारे करून दाखवलं की इथून तिथवर चर खणायचा आहे. त्यांनी भिंतीवरच्या डब्याच्या जागेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता कुदळ उचलली. अर्ध्या दिवसात अंगणातून वीतभर खोल, सुतासारखा सरळ चर तयार.

पोळ्यानंतरचा रविवार होता. दुसरा डबा मामाजींच्या खाटेच्या वर भिंतीला लागला, हिरवे दिवे लुकलुकले. मी फोन धरून खोलीच्या चारही कोपऱ्यांत फिरले. सगळीकडे पूर्ण रेघा. मला इतका आनंद झाला की मी नणंदेला स्वतःच कॉल लावला. म्हटलं, "आता बोल तुह्या बाबाशी. जितकं बोलायचं तितकं बोल."

ती खिडकीजवळ बसली होती. चेहरा स्वच्छ दिसत होता, केसांतला पांढरा धागासुद्धा. तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली ती मला दारात उभं राहून ऐकू आली.

"बाबा," ती म्हणाली, "मले एक सांगायचं होतं. दोन महिन्यांपासून सांगीन सांगीन म्हणून राह्यली. माही नोकरी गेली."

मामाजी हसले. "हो हो," म्हणाले. "चांगलं झालं."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

"बाबा, नोकरी गेली माही. घरी बसली मी."

"हो. असंच राह्य. दिवाळीले ये." आणि फोन माझ्याकडे करत, नेहमीसारखं, "आवाज तुटून राह्यला, बाई. नेट नाई."

मी फोनकडे पाहिलं. रेघा पूर्ण. तिकडे नणंद ओठ चावून रडत होती, आणि तिचा हुंदका त्या खोलीत इतका स्पष्ट वाजत होता की गोठ्यातल्या वासरानं कान टवकारले.

"पाह्यलं ना वहिनी?" ती म्हणाली. "मी म्हणत होती ना, बाबाले माहं काई नाई. माय गेली, तशी मीबी गेली त्याईच्यासाठी."

"थांब," मी म्हटलं. "मी करते तुले फोन." आणि कॉल बंद केला.

मामाजी पाठमोरे उभे राहून खुंटीवरचा दुपट्टा काढत होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. म्हटलं, "मामाजी." ते दुपट्टा झटकत राहिले. मी जरा मोठ्यानं म्हटलं. मग आणखी मोठ्यानं. मग मी सगळी ताकद लावून ओरडले, "मामाजी!" गाय दावं ओढून उभी राहिली. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "काय झालं वो मॅडम?" मामाजींनी शांतपणे दुपट्ट्याची घडी केली आणि खांद्यावर टाकली.

आणि त्याच क्षणी मला तो वाघ आठवला. वीस पावलांवरचा वाघ, किंचाळणाऱ्या बाया, बडवलेलं घमेलं, आणि न वळलेली ही पाठ. मी तिथेच जमिनीवर मटकन बसले.

मामाजी वळले आणि मला खाली बसलेली पाहून धावत आले. "काय झालं, बाई? चक्कर आली का? पानी आणू?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "मामाजी, तुमाले आयकू येत नाई?"

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. मला आत्ता कळलं की ती नेहमी तिथेच असायची. मी त्याला रोखून बघणं समजत होते. ते मग हळूच खाटेच्या काठावर बसले आणि हाताचे दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे.

"उजव्या कानानं थोडं येते," ते म्हणाले. "कोनी मोठ्यानं, जवळून बोललं तं. डाव्यानं काईच नाई."

"कवापासून?"

"सात-आठ वर्षं झाले असन."

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती.

नवरा संध्याकाळी मिलमधून आला. मी त्याला अंगणातच सांगितलं. त्याला पटेना. तो खोलीत गेला, बापाच्या मागे उभा राहिला आणि "बाबा, बाबा" म्हणत राहिला. मग त्यानं समोर जाऊन त्यांचे दोन्ही खांदे धरले. इतक्या वर्षांत मी त्याला बापाला हात लावताना पाहिलं नव्हतं.

"काऊन नाई सांगतलं?" तो म्हणाला. "बाबा, काऊन नाई सांगतलं आमाले?"

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलं. "सांगतलं असतं तं तू मले वावरात जाऊ देलं असतं का? जंगलाच्या काठचं वावर. तू मले घरी बसवलं असतं."

त्यानं खरंच बसवलं असतं.

"मायले ठाऊक होतं?"

"तिनंच तं चालवलं इतके दिवस."

आणि मग मला सगळं दिसायला लागलं. आत्याबाई प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायच्या. पाहुणा काही म्हणाला की त्या मामाजींसमोर येऊन तेच पुन्हा म्हणायच्या, "भाऊ म्हणते, पाऊस नाई तिकडे." मला वाटायचं, म्हातारीला सवय आहे. कोणी मागून हाक मारली की त्या सहज मामाजींच्या कोपराला हात लावायच्या. जेवायला बोलवायला त्या कधी दारातून ओरडल्या नाहीत. नेहमी जवळ जायच्या. त्या गेल्या तेव्हा मामाजींचा आधार गेला एवढंच आम्हाला कळलं. त्यांचे कानही गेले होते, आणि आम्ही त्यांना मागच्या खोलीत एकटं सोडलं होतं.

"मंग तो वाघ?" नवऱ्यानं विचारलं.

मामाजी म्हणाले, "मले काय माईत? मी घरी आलो. लोक पाया पडाले लागले. आधी समजलंच नाई, काय म्हणून राह्यले. मंग एकानं पंजा करून दाखवला. मी दोन दिवस जेवलो नाई, आठवते का? तुमी म्हटलं, ताप हाय." त्यांनी खांद्यावरून मागे पाहून दाखवलं. "तवापासून हर दहा पावलाले मांगं पाह्यतो."

तवापासून! म्हणजे त्यानंतरही वर्षभर ते रोज पहाटे त्याच धुऱ्यावरून एकटे जात होते, आणि आम्ही त्यांना जाऊ देत होतो, कौतुकानं.

मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "तू नेटचा एवढा खटाटोप करून राह्यली होती, मले वाटे, आता सांगाच लागन. चर खंदतानीबी वाटलं. पन जीभ नाई उचलली, बाई."

त्याच संध्याकाळी मी नणंदेला फोन केला आणि सांगितलं. मग ती म्हणाली, "वहिनी, मी तीन वर्षं त्याईले मनातल्या मनात शिव्या देल्या." आणि फोन ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं ब्रह्मपुरीला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका छोट्या, सगळीकडून बंद खोलीत मामाजींना बसवलं, कानांवर हेडफोन लावला. आवाज आला की बोट वर करायचं, एवढंच सांगितलं होतं. मी काचेतून पाहत होते. तपासणारी बाई मशीनचं बटण फिरवत होती, फिरवत होती, आणि मामाजी बोट तयार ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ताठ बसून होते. बोट वर जात नव्हतं. तेवढं पाहणंही मला जड गेलं.

डॉक्टर वयस्क होते. कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवत त्यांनी विचारलं, "काय काम करत होते?"

"राईस मिलमध्ये. मशीनवर," नवरा म्हणाला.

"किती वर्षं?"

"तीस."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यात मोठं नवल नाही अशी ती मान होती. रोजचा तो आवाज कान हळूहळू खाऊन टाकतो, गेलेलं परत येत नाही, कानाचं मशीन लावलं तर उजव्या कानाला बरंच ऐकू येईल, डाव्याचा भरवसा नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही काय करता?"

नवरा हसला. "मीबी तिथंच. बाबाईच्या जागेवर."

"बसा आत," डॉक्टर म्हणाले.

"मले काई नाई झालं, डॉक्टर. मले सारं आयकू येते."

"यांनाही असंच वाटलं असेल. बसा."

तो त्या बंद खोलीत गेला. मी आणि मामाजी बाहेर बाकावर. मामाजींना काय चाललंय ते मी सांगितलं नव्हतं, पण त्यांना समजलं असावं. ते काचेतून मुलाच्या बोटाकडे एकटक पाहत होते. बोट वर जात होतं. पुष्कळदा जात होतं. आणि मग मशीनवरची बाई बटण फिरवत राहिली आणि काही वेळ ते वर गेलं नाही. मामाजींनी माझा हात धरला. सासऱ्यानं सुनेचा हात धरावा असं आमच्याकडे होत नाही. त्यांना त्याचं भानही नव्हतं.

कागदावर नवऱ्याची रेघ सरळ होती, आणि शेवटी, बारीक आवाजांच्या टोकाला, एक खड्डा पडलेला. "सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ता जपलं तर इथेच थांबेल." वय अडतीस. घरी टीव्हीचा आवाज तो नेहमी वाढवून ठेवायचा आणि मी नेहमी कमी करायची. त्यावर आमची भांडणं व्हायची.

मशीन पंधरा दिवसांनी आलं. ते लावून मामाजी पहिल्यांदा घरात शिरले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मी समोर जाऊन म्हटलं, "मामाजी, आयकू येते का जी?" ते दचकले. मग माझ्याकडे असं पाहू लागले की जणू घरात कोणी नवं माणूस आलं आहे.

"तुहा आवाज असा हाय का?" ते म्हणाले. "मले वाटे, जाडा असन."

सहा वर्षं! मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं, आणि ते गोंधळून "काय झालं, काय झालं" करत राहिले.

पण मशीन लावलं आणि सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिले काही दिवस त्यांना सगळाच त्रास. मिक्सर लावला की ते अंगणात पळायचे. कवेलूवरचा पाऊस, गाईचं रवंथ, स्वतःच्या चपलेची फटफट, सगळं एकदम अंगावर यायचं. चार माणसं एकत्र बोलली की पुन्हा नुसता गोंगाट. संध्याकाळी ते मशीन काढून डबीत ठेवायचे आणि म्हणायचे, "पुरे आता."

वावरात जाण्यावरून बाप-लेकाचं कडाक्याचं भांडण झालं. नवरा म्हणत होता, बिलकुल जायचं नाही. मामाजी म्हणत होते, मग मला खाटेलाच बांधून टाक. शेवटी असं ठरलं की एकट्यानं जायचं नाही. शेजारचे दोघं-तिघं जातील त्यांच्या मध्ये चालायचं, आणि घाम आला तरी मशीन काढायचं नाही. शेवटची अट ते पाळतात की नाही, देव जाणे. मी दोनदा त्यांच्या खिशात डबी पाहिली आहे. एकदा मी त्यावर बोलले, ते ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून गेले. आता ते तसं मुद्दाम करू शकतात.

वाघाचं त्यांनी स्वतः सांगितलं. धान कापणीच्या आधी, ज्या बाया त्या दिवशी रोवणीला होत्या त्या आमच्या अंगणात आल्या होत्या, तेव्हा मामाजी मध्येच म्हणाले, "त्या दिवशी मले तुमचा आवाज आयकूच आला नवता. मी बहिरा हाय." बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जिनं घमेलं बडवलं होतं ती म्हातारी उठली आणि तिनं मामाजींना अशा काही शिव्या घातल्या की मी तशा पूर्वी ऐकल्या नव्हत्या. "आमी वरडून वरडून मेलो, घसे फाटले आमचे, आन् तुले आयकूच नाई आलं? मेला असता ना रे भाऊ!" असं म्हणत ती पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. मामाजींना सगळं ऐकू येत होतं. ते खाली मान घालून ऐकत राहिले.

मिलमध्ये नवरा आता कानांवर आवाज अडवणारी जाड कानपट्टी लावतो. सुरुवातीला बाकीचे हसले, म्हणाले, हिरो झाला. मग त्यानं बापाची गोष्ट सांगितली. सध्या चौघं लावतात.

दिवाळीत नणंद आली. तिला दुसरी नोकरी अजून लागली नव्हती. आल्या-आल्या तिनं पिशवी ओट्यावर टाकली आणि थेट मागच्या खोलीत गेली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती खाटेवर बापासमोर मांडी घालून बसली होती.

मामाजी म्हणाले, "तीन वर्षं तू फोनवर जे जे सांगतलं, ते मी आयकलं नाई. मी नुसता हो हो म्हणत गेलो. आता सांग. पयल्यापासून सांग."

"सारं?"

"सारं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कप ठेवला आणि जायला वळले, तर ती म्हणाली, "बस ना वहिनी." मी दारात बसले. ती बराच वेळ खाटेचं सुंभ नखानं कुरतडत राहिली.

"मागच्या वर्षी," ती म्हणाली, "पोळ्याच्या आधी, मी तुमाले दवाखान्यातून फोन केला होता. माहं ऑपरेशन होतं दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, बाबा, मले भ्याव लागून राह्यलं. तुमी म्हटलं, चांगलं हाय."

मला ऑपरेशनचं माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. त्या रविवारी मीच मामाजींच्या हातातून फोन घेतला होता आणि नेट नाही म्हणून बंद केला होता.

मामाजींचा हात कानाकडे गेला. ते बोटानं मशीनची बारीक कळ चाचपत होते, आवाज वाढवायला.

"थांब," ते म्हणाले. "हं. आता सांग. कायचं ऑपरेशन?"